आधी त्यांनी सोडावी

समुद्र जिथे जमिनीत थोडा आत घुसला आहे आणि किनारा अर्ध्या भाकरीसारखा वाकला आहे, अशा एका ठिकाणी एक गाव होतं, आणि त्या गावात एक वैतागलेला म्हातारा तांडेल राहत होता. तांडेल म्हणजे जाळ्याचा मुख्य. जाळं कधी टाकायचं, कुठे टाकायचं, कधी ओढायचं हे त्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी तिथली रीत. पण ती नुसती रीतच होती, ऐकत कुणीच नव्हतं.

तो काही जन्मापासून वैतागलेला नव्हता. लहानपणी चांगला हसरा होता म्हणतात. पण ज्या माणसाला रोज सकाळी उठून त्या गावाकडून जाळं ओढून घ्यायचं आहे, तो किती दिवस हसरा राहील?

त्या किनाऱ्यावर रापण लागायची. रापण म्हणजे सगळ्या गावाचं मिळून एकच भलंमोठं जाळं. होडी ते घेऊन आत जायची आणि पाण्यात अर्धा वळसा घालत, जाळं सोडत सोडत परत किनाऱ्याला यायची. जाळ्याच्या दोन टोकांना दोन लांब दोऱ्या. एक दोरी उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी, ती वरवाडीने ओढायची. दुसरी दक्षिणेला नदीच्या मुखाशी, ती खालवाडीने. बायामाणसं, म्हातारेकोतारे, ज्याने दोरीला हात लावला त्याला वाटा. दोन्ही बाजूंनी सारखं ओढलं की जाळं मासळीसकट वाळूवर यायचं. एवढंच काम, शेंबड्या पोरालाही समजेल असं.

पण छे! सरळ काम सरळ करतील तर ती माणसं कसली?

वरवाडी म्हणायची, आमची दोरी जड. आमच्या बाजूला पाण्याखाली खडक आहेत, जाळं अडकतं, आम्हाला दुप्पट जोर लावावा लागतो. खालवाडी म्हणायची, कसले खडक नि कसलं काय, आमच्या बाजूला नदीचा ओढा आहे, जड दोरी आमचीच. वरवाडीत गुणाजी नावाचा एक दांडगा गडी होता. आवाज असा, की त्याने शिंक दिली तर बगळे उडायचे. तो दोरी ओढता ओढता मान वळवून खालवाडीकडे बघत राहायचा. "बघा, बघा! हात कसे लावलेत दोरीला! देवाला फूल वाहतायत जणू!"

खालवाडीत येसूबाई होती. तिच्या तोंडाला गावातले कुत्रेसुद्धा भ्यायचे. ती पदर खोचून तिकडून ओरडायची, "ए गुणाजी, मेल्या, इकडे काय बघतोस? ओढ की! तुझ्या वाटणीचं ओढून आमच्या पाठी मोडल्या!"

आणि मधोमध तांडेल. बिचारा कधी इकडे धावतोय, कधी तिकडे. "अरे समोर बघा! जाळ्याकडे बघा! मासे काय गुणाजीच्या तोंडात आहेत?" असं ओरडून ओरडून त्याचा घसा बसलेला असायचा. घरी जाऊन तो मिठाच्या गुळण्या करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत ओरडायला तयार.

खरं सांगायचं तर त्या किनाऱ्यावर माणसं सोडून बाकी सगळे शहाणे होते. कुरव पक्षी पाण्यावर घिरट्या घालायचे, चोचीत येईल तेवढं उचलायचे आणि चालू पडायचे. घारी वरून झडप घालायच्या. कुर्ल्या ओल्या वाळूत बिळं करायच्या, भरती आली की बिळं मोडायची, ओहोटी लागली की पुन्हा करायच्या, पण समुद्राशी कधी भांडायला गेल्या नाहीत. भांडणं पाखरांचीही व्हायची, नाही असं नाही. पण ती मासा गिळून झाल्यावर. आमच्या या दोन वाड्या भांडायच्या मासा पाण्यात असतानाच. एक बाजू रागाने जोरात ओढायची, दुसरी रुसून हात ढिले सोडायची, जाळं तिरकं व्हायचं आणि मासळी सैल बाजूने बाहेर. मग वाळूवर यायची ती पाटीभर मासळी आणि गाडाभर शेवाळ. त्यावरून पुन्हा भांडण.

शेवटी एके दिवशी देवळासमोर गाव बसलं आणि दोन्ही वाड्यांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. कशावर? तर जाळं मधोमध कापायचं. अर्धं वरवाडीला, अर्धं खालवाडीला. ज्याने त्याने आपापलं ओढावं, झंझटच नको.

हे ऐकून तांडेलाने कपाळाला हात लावला. ते जाळं त्याच्या बापाने आणि गावच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी मिळून विणलं होतं. त्याच्यावर सगळ्या गावाच्या चुली पेटायच्या. किनाऱ्याची वाकण आणि जाळ्याची लांबी अशी मोजून जुळवलेली, की एक वाव, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं, कमी झालं तरी वेढा पुरा व्हायचा नाही. जाळं कापलं की गाव उपाशी, हे त्याला स्वच्छ दिसत होतं आणि बाकी कुणालाच दिसत नव्हतं.

"अरे बाबांनो," तो हात जोडून म्हणाला, "एक धोतर मधोमध फाडलं आणि दोघांनी अर्धं अर्धं नेसलं, तर काय होईल?"

"काय होईल?" गुणाजीने विचारलं.

"दोघं उघडे पडतील, गाढवा!"

"असू दे," गुणाजी म्हणाला. "पण अर्धं तरी आपलं असेल ना."

येसूबाईने मान डोलावली. "हे मात्र गुणाजी बरोबर बोलला."

आता यावर काय बोलायचं? तांडेलाने खूप विनवण्या केल्या. शेवटी एवढंच पदरात पडलं की उद्या सकाळी एकदा सगळ्यांनी मिळून रापण ओढायची आणि मग जाळं कापायचं. तांडेलाला वाटलं, उद्या भरभरून मासळी लागली, तर यांची मनं बदलतील. आशा वेडी असते, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाळूवर आला आणि बघतो तर काय, समुद्रावर पाखरांचा नुसता कल्लोळ! कुरव पाण्यावर धपाधप पडतायत, घारी चकरा मारतायत, आणि पाण्याचा रंग एका जागी काळपट झालेला. तारली! या छोट्या चंदेरी मासळीचा असा थवा त्याने कैक वर्षांत पाहिला नव्हता. म्हाताऱ्याच्या अंगात वारं भरलं. "होडी काढा रे! चला, चला, लवकर!"

होडी गेली, वळसा घालून आली. दोन्ही वाड्यांनी दोऱ्या धरल्या. आणि काय सांगावं, मासळी बघून त्या दिवशी सगळे गुमान ओढायला लागले. जाळं हळूहळू जवळ येत होतं. आतलं पाणी मासळीने खदखदत होतं. तांडेल मनातल्या मनात देवाला नारळ बोलला.

तेवढ्यात जाळ्याच्या आत पाणी फुटलं आणि एक डॉल्फिन मादी वर आली. तिच्या अंगाला चिकटून एक छोटं पिल्लू. मासळीच्या मागे मागे दोघं आत आली होती आणि आता त्यांना बाहेरची वाट सापडत नव्हती. मादी जाळ्याला धडका देत होती. पिल्लू तिच्या पोटाखाली शिरत होतं.

याचीही गावात रीत होती, आणि ती तांडेलाच्याही आजोबांच्या वेळची. कासव असो, डॉल्फिन असो, त्याला पकडायचं नाही. एका वाडीने आपली दोरी सैल सोडायची. त्या बाजूचं जाळं खाली बसतं, वाट मोकळी होते, जनावर निघून जातं. चार मासे जातात त्याच्याबरोबर, जाऊ देत. मग पुन्हा ओढायचं. शिवाय एवढं ताकदीचं जनावर आत धडका देत राहिलं, तर जाळं टिकेल कसं?

"खालवाडी!" तांडेल ओरडला. "दोरी सैल सोडा!"

"आम्हीच का?" येसूबाई तिकडून म्हणाली. "मासे आमच्या बाजूने जायचे आणि मग म्हणायचं खालवाडीने घालवले! वरवाडीला सांगा!"

तांडेल वाळू तुडवत वरवाडीकडे धावला. "गुणाजी, सोड रे बाबा दोरी!"

"आधी त्यांनी सोडावी," गुणाजी म्हणाला आणि पाय वाळूत आणखी रोवले. "दर वेळी आम्हीच सोडायची काय? नाव तुम्ही त्यांचं घेतलंत आधी, मग त्यांनीच सोडावी!"

"अरे, तिचं पिल्लू मरेल आत! जाळं फाटेल!"

"मग सांगा ना येसूवहिनीला!"

तांडेल परत उलटा धावला. त्याला धाप लागली होती, पायात गोळे आले होते. "येसू, बाई, तुझ्या पाया पडतो, सोड."

"आबा, तुम्ही पाया पडू नका," येसूबाई दात आवळून दोरी ओढत म्हणाली. "तुमचा मान आम्ही ठेवतो. पण आधी त्यांनी सोडावी."

आणि सोडायचं राहिलं बाजूला, दोन्ही वाड्या उलट जास्त जोराने ओढायला लागल्या. ढिलाई आपल्याकडून झाली असं दिसायला नको! इतकी वर्षं तांडेल ज्या जोरासाठी घसा फोडत होता, तो जोर त्या दिवशी लागला. नको तेव्हा.

तांडेलाच्या कमरेला कोयती होती. त्याचा हात तिच्यावर गेला. एक दोरी कापली की झालं. डॉल्फिन सुटेल, जाळं वाचेल, दोरीला काय, गाठ मारता येते. तो पाण्यात शिरला, कोयती वर काढली आणि थांबला. कुठली कापू? वरवाडीची कापली तर गुणाजी म्हणेल, तांडेल खालवाडीला फितूर. खालवाडीची कापली तर येसू सगळ्या गावभर करेल. त्याने इकडे बघितलं. त्याने तिकडे बघितलं. हो, तोसुद्धा! गुणाजीला आयुष्यभर ज्यावरून शिव्या घातल्या, तेच तो गुडघाभर पाण्यात उभा राहून करत होता.

तेवढ्यात तर्रर्र असा आवाज आला आणि जाळं फाटलं.

बरोबर मधोमध फाटलं. मादी त्या फटीतून बाहेर पडली, मागून पिल्लू, आणि त्यांच्या मागून तारलीचा अख्खा थवा, चमचमत, खिदळल्यासारखा. दोऱ्या एकदम हलक्या झाल्या आणि दोन्ही वाड्या आपापल्या जागी वाळूवर उताण्या पडल्या. वर पाखरांची चंगळ उडाली. पिल्लाला घेऊन मादी लांब पाण्यात गेली आणि दिसेनाशी झाली.

आता तरी या लोकांना काही वाटेल, असं तुम्हाला वाटलं असेल. तांडेलालाही वाटलं होतं. पण वाळूत पडल्या पडल्या गुणाजीने आपलं अर्धं जाळं उचलून बघितलं आणि म्हणाला, "आमच्या बाजूला फाटलेलं नाही हां. फाटलंय ते त्यांच्याकडून."

मग मात्र तांडेल फुटला.

"घ्या!" तो ओरडला. "घ्या, झाली वाटणी! कापायचं होतं ना? फुकट कापून मिळालं! अरे, तुम्ही माणसं आहात की कोण आहात? त्या जनावराला तुमच्याहून जास्त अक्कल, ती लेकराला घेऊन गेली तरी! तुम्ही काय घेऊन जाणार घरी? चिंध्या? आणि मी तरी कोण मोठा शहाणा! हातात कोयती घेऊन विचार करत बसलो, कोण रागावेल नि कोण रुसेल! पाणी पडो तुमच्या रापणीवर आणि पाणी पडो माझ्या तांडेलकीवर!"

त्याने कोयती वाळूत फेकली आणि घरी जाऊन दार लावून घेतलं.

दोन्ही वाड्यांना सुरुवातीला बरंच वाटलं. कटकट गेली, म्हातारा गेला, जाळं वाटून झालं. वरवाडीने आपलं अर्धं जाळं डोंगराकडे टाकलं. मासळी दुसऱ्या टोकाने आरामात बाहेर. खालवाडीने नदीकडे टाकलं. तिथेही तेच. कुरवांना तेवढी मजा आली. ते फाटक्या टोकाशी रांगेने बसायचे आणि बाहेर पडणारा मासा उचलायचे. थोड्याच दिवसांत दोन्ही वाड्यांच्या बायका ओहोटीला खडकांवर शिंपल्या वेचायला लागल्या. रोज शिंपल्या. सकाळी शिंपल्या, संध्याकाळी शिंपल्या. पोरं शिंपल्या बघून रडायची.

मग एक दिवस गुणाजी तांडेलाच्या दारात आला. "आबा, एक विचारायचं होतं. त्यांच्या अर्ध्यातलं थोडं जाळं आम्हाला मिळेल का? अगदी थोडं. वेढा पुरा व्हायला."

"किती थोडं?" तांडेलाने आतून विचारलं.

"म्हणजे... अर्धं."

तांडेलाने दार उघडलंच नाही. संध्याकाळी येसूबाई आली, तिनेही तेच मागितलं. तिला वाटलं, हा म्हातारा आता ओरडेल. पण त्याच्यात ओरडायचंसुद्धा त्राण राहिलं नव्हतं. त्याने दार उघडलं. तो वाळला होता, आणि त्याच्या चुलीवरही शिंपल्याच शिजत होत्या. ते बघून येसूबाई उंबऱ्यावरच बसली.

"येसू," तो म्हणाला, "पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हा दोन्ही तुकडे देवळात आणा. फाटलं तिथे दोन्ही वाड्यांनी समोरासमोर बसून शिवा. आणि नारळी पौर्णिमेनंतर दोऱ्या बदला. वरवाडीने नदीकडची ओढायची, तुम्ही डोंगराकडची. कबूल असेल तर मी येतो, नसेल तर शिंपल्या खा."

शिंपल्यांचं नाव काढताच येसूबाईने कबूल करून टाकलं. गुणाजीलाही कबूल व्हावं लागलं.

शिवताना भांडणं झाली नाहीत असं नाही. गाठ कुणाची घट्ट आणि कुणाची ढिली यावरून देवळात असा गोंधळ झाला की पुजारी घंटा बडवत बाहेर आला. पण जाळं शिवून झालं. नारळी पौर्णिमेला नारळ समुद्रात सोडला, समुद्र शांत झाल्यावर होडी गेली, वळसा घालून आली. गुणाजीने आयुष्यात पहिल्यांदा नदीकडची दोरी धरली. येसूबाईने डोंगराकडची.

थोडं ओढलं नाही तोच गुणाजी ओरडला, "अरे बाप रे! काय जड आहे ही!"

त्याच वेळी दुसऱ्या टोकाकडून येसूबाईचा आवाज आला, "अगं आई गं, ही दोरी आहे की काय आहे!"

दोघांनी एकमेकांचं ऐकलं. दोघांची तोंडं उघडीच राहिली. तांडेल मधे उभा होता. त्याने फक्त कमरेवर हात ठेवले. गुणाजीने मान खाली घातली आणि ओढायला लागला. येसूबाईनेही पदर घट्ट खोचला.

जाळं जवळ आलं. आत मासळी होती, आणि मासळीच्या मधे एक मोठं कासव डोकं वर काढून श्वास घेत होतं. आलं परत नशिबी! त्याने हाक मारायला तोंड उघडलं.

पण हाक मारावीच लागली नाही. गुणाजीने कासव बघितलं आणि खाडकन दोरी सोडून दिली. तिकडे येसूबाईनेही बघितलं आणि खाडकन तिनेही सोडली. दोन्ही बाजूंनी जाळं एकदम खाली बसलं, कासव गेलं, आणि त्याच्यामागून सगळीच्या सगळी मासळीही गेली.

"अरे, एकाने सोडायची होती!" तांडेल डोकं धरून वाळूत बसला. "एकाने! दोघांनी नाही! अरे देवा, या गावाचं मी करू तरी काय!"

आणि ओरडता ओरडता त्याला हसू फुटलं. त्याला हसताना बघून गुणाजी हसला, येसूबाई हसली, दोन्ही वाड्या पोट धरून हसल्या. त्या दिवशी पुन्हा सगळ्या घरांत शिंपल्याच शिजल्या. पण आधी दोरी कुणी सोडली, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

तात्पर्य: आपल्या हातातली दोरी ज्याला त्याला जडच लागते. म्हणून दुसऱ्याची हलकी आहे असं समजू नये, आणि सोडायची वेळ आली की "आधी त्यांनी" म्हणून अडून बसू नये. एवढं कळायला जाळं फाटायची वाट बघायची नसते, पण ते सांगायचं कुणाला?